राजदूतबाईंचा निरोप

औषधाच्या दुकानात, भर रांगेत, माझ्या नवऱ्यानं, ऑरिननं, गल्ल्यावरच्या बाईला माझी ओळख करून दिली. "या आमच्या राजदूतबाई," तो म्हणाला आणि टोपी काढून, जरासा वाकून, मला पुढं जायला वाट करून दिली. माझ्या नोकरीपायी देशोदेशी फिरताना आयुष्यभर दारादारांत उभा राहून तो असाच वाकत आला. गल्ल्यावरची बाई "हो का, वा," म्हणाली आणि पिशवी हवी का विचारू लागली. एवढंच झालं. कुणी मान वर केली नाही. वरच्या भोंग्यातून नाताळची गाणी पाझरत होती ती पाझरतच राहिली. मी मात्र जागच्या जागी थबकले. तो शब्द माझ्या नावाला चिकटवून कुणी मोठ्यानं, चार माणसांत, म्हटलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि खोटं कशाला बोलू, गोड लागला. इतका गोड, की खोकल्याच्या गोळ्या उचलणारा माझा हात मला क्षणभर दुसऱ्याच बाईचा वाटला. ती बाई हातमोजे घालते, झेंडा लावलेल्या गाडीतून उतरते आणि तिच्यासाठी कुणीतरी दार उघडून धरलेलं असतं. मग मी घाबरले. ऑरिनच्या बाहीला धरून त्याला फुटपाथवर ओढलं.

"अरे, हळू बोल ना! या रांगेत दर तिसरा माणूस कुठल्यातरी सिनेटरकडे कामाला असतो."

"असू दे की," ऑरिन म्हणाला. "त्यांनाही कळू दे. तुम्ही एवढ्या लाजता कशाला?"

मला हसू आलं. हा माणूस जन्माचा नकलाकार. शाळेत मुलांना गाणी शिकवायचा तेव्हा मुख्याध्यापकांची नक्कल करून वर्ग हसवायचा. गेले काही महिने घरात तो मला अहो-जाहो करत होता, मॅडम म्हणत होता, माझ्यासाठी खुर्ची मागं ओढत होता, आणि मीही आपली त्याच्या खेळात खेळत होते. घरात ठीक आहे. पण बाहेर? आमच्या या वॉशिंग्टनची एक रीत आहे. ती लिहिलेली कुठं नाही, पण धर्माच्या वरताण पाळली जाते. राष्ट्राध्यक्षांनी एखाद्या पदासाठी तुमचं नाव सिनेटकडे पाठवलं, की सिनेटचा होकार येईपर्यंत तुम्ही त्या पदाबद्दल ब्र काढायचा नाही. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला उमेदवार सिनेटला खपत नाही. ज्या देशात जायचं तिथल्या कुणाला फोन करायचा नाही, वर्तमानपत्रवाल्यांशी बोलायचं नाही, राहतं घर भाड्यानं द्यायचं नाही. एका उमेदवाराच्या बायकोनं म्हणे तिकडच्या बंगल्यातल्या खिडक्यांची मापं मागवली, पडदे शिवायला. ते एका सिनेटरच्या कानावर गेलं. पडदेही गेले नि बंगलाही गेला. मी नोकरीला लागले तेव्हा ही गोष्ट ऐकली, आणि पुढं जो तो ती वेगळ्याच देशाचं नाव घालून सांगायचा, म्हणजे बहुधा थापच असावी. तरी मी मापं मागवली नाहीत हो. मी तर त्या देशाचं नावसुद्धा तोंडातून काढलं नाही. घरात आम्ही नुसतं 'तिकडे' म्हणायचो.

तेवढ्यात फोन वाजला. डेस्मंड होता. डेस्मंड आमच्या परराष्ट्र खात्यातला. माझ्यासारख्या उमेदवारांना हाताला धरून सिनेटच्या दारोदार फिरवायचं, काय बोलायचं ते पढवायचं, आणि काही बिघडलं की सांत्वन करायचं, हे त्याचं काम. दर आठवड्याला त्याचा फोन यायचा आणि दर आठवड्याला तो तेच सांगायचा, धीर धर.

"लेनोर, बसलीयेस का कुठं?"

"रस्त्यात उभी आहे."

"मग धर कशाला तरी. सोडलं त्यानं."

त्यानं म्हणजे माझं नाव अडवून बसलेल्या सिनेटरनं. त्याच्या राज्यातली एक जुनी गोदी सरकारनं बंद केली, म्हणून त्यानं राष्ट्राध्यक्षांनी पाठवलेली सगळी नावं अडकवून ठेवली होती. माझं त्याचं काही वाकडं नव्हतं. एका समारंभात भेटला तेव्हा माझा हात हातात घेऊन म्हणाला, "बाई, तुमच्याबद्दल मला फार आदर आहे." आदर होता, पण नाव सोडत नव्हता. सिनेटचा कारभारच असा आहे. सगळे हो म्हणत असले आणि एकच जण नको म्हणाला, तरी गाडं थांबतं. त्या गोदीत मी आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही, पण ती बंद झाली त्याचा जाच मला. म्हणतात ना, सुक्याबरोबर ओलंही जळतं.

"आज संध्याकाळी नाताळच्या सुटीआधी सगळी नावं गठ्ठ्यानं घेणार," डेस्मंड सांगत होता. "तुझं आहे त्यात. वाचतील, कुणी हरकत घेतली नाही की झालं. पण शेवटच्या घटकेपर्यंत नावं आत-बाहेर होत असतात, तेव्हा अळीमिळी गुपचिळी. ऑरिनलासुद्धा सांगू नकोस."

"आणि आज नाही झालं तर?"

"तर उरलेली नावं राष्ट्राध्यक्षांकडे परत. मग पुन्हा पहिल्यापासून. आणि लेनोर, तुझं निवृत्तीचं वय..."

"माझं वय मला माहीत आहे, डेस्मंड."

फोन ठेवला तेव्हा ऑरिन दुकानाच्या काचेत लावलेल्या दिव्यांच्या माळा बघत होता, लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून. मी त्याच्या हातात हात घातला. आम्ही रस्ता ओलांडला आणि चालू लागलो, आणि पाय कनेटिकट अॅव्हेन्यूवर पडत होते तरी माझं चालणं केव्हाच तिकडच्या रस्त्यावर सुरू झालं होतं. तिकडे रस्त्याच्या दोन्ही कडांनी पाणी वाहतं, उथळ पाटातून, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी बायका त्यातलंच पाणी तांब्यानं घेऊन धुळीवर शिंपडतात. तो ओल्या धुळीचा वास मला इथं थंडीत, गाड्यांच्या धुरात येऊ लागला. तुती पडून फुटपाथ जांभळे झालेले असतात, चपला चिकटतात. प्रत्येक रस्त्याच्या टोकाला बर्फाचा डोंगर असतो, आणि कितीही चाललं तरी तो तेवढाच लांब राहतो. मी तिथं पहिल्या नेमणुकीवर गेले तेव्हा वकिलातीतल्या व्हिसाच्या खिडकीत बसायचे. काचेपलीकडून दिवसभर लोक बोलत, मी त्यांची भाषा शिकत गेले. ती भाषा माझ्या तोंडात अशी बसली की अजूनही पाय ठेचाळला तर मी त्याच भाषेत ओरडते. तेव्हाचे राजदूत चंदेरी केसांचे, उंच. त्यांना माझं नाव शेवटपर्यंत आलं नाही. जिन्यात भेटले की म्हणायचे, "काय, खिडकीवाल्या बाई, बरं आहे ना?" त्यांच्या बंगल्याच्या कुंपणाला लागून आम्ही ऑफिसातून परत यायचो. भिंतीवरून जर्दाळूची फांदी बाहेर आलेली असायची. खाली पडलेले जर्दाळू मी वेचायचे, फ्रॉकला पुसायचे आणि तिथंच उभी राहून खायचे. ऑरिन म्हणायचा, "चोर कुठली!" मी म्हणायचे, "बघ तू, एक दिवस या भिंतीच्या आत उभी राहून खाईन." हे हसण्यावारी बोललेलं वाक्य, पण ते माझ्यात रुतून बसलं. मधे किती देश झाले, किती खिडक्या, किती टेबलं. दुसऱ्यांसाठी भाषणं लिहिली, दुसऱ्यांच्या गाड्यांची दारं उघडताना पाहिली. लोकांना वाटतं राजदूतपद म्हणजे मोठं राजकारण. असेल. माझ्यासाठी ती एक भिंत होती, आणि मला तिच्या आत जायचं होतं. हट्टच म्हणा ना.

सिनेटपुढं माझी सुनावणी झाली त्या दिवशी ऑरिन माझ्या मागच्या खुर्चीत बसला होता. उमेदवारानं आपल्या घरच्यांची ओळख करून द्यायची असते. मी त्याचं नाव घेतलं तसा तो उठला आणि सिनेटरांच्या त्या अर्धगोल टेबलाला असा लवून नमस्कार केला, की टाळ्या पडतील असं वाटलं. सगळे हसले, भल्या मनानं. संध्याकाळी घरी येऊन त्यानं बूट काढले आणि म्हणाला, "झकास बोललीस गं. आता निघायचं कधी?" मी म्हटलं, अरे बाबा, अजून कशात काही नाही, पुष्कळ पायऱ्या आहेत. तो "बरं, बरं," म्हणाला. आणि मग उन्हाळ्यात एका सकाळी पाठ चोळत स्वयंपाकघरात आला. "त्या विमानातल्या खुर्चीनं कंबर मोडली बघ." मला वाटलं, नक्कल. मी हसले. त्यानं पडदा सारला आणि बाहेर बघत म्हणाला, "आज डोंगर किती स्पष्ट दिसतोय." समोर शेजाऱ्यांच्या गॅरेजचं छप्पर होतं. मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो खरंच डोंगर बघत होता. त्याच्या डोळ्यांत तो दिसत होता असं मी म्हणणार नाही, पण मला त्या वेळी तसं वाटलं खरं.

डॉक्टरांनी त्या दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या सांगितल्या आणि म्हणाले, त्यांना खोडून काढू नका, त्रास होतो. म्हणजे असं झालं, की सगळं शहर श्वास रोखून सिनेटच्या होकाराची वाट बघत होतं, आणि ज्यानं तो होकार गृहीत धरायचं पाप केलं तो एकटा माझा नवरा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात. आमच्या घरातला भट तर त्या तुरी शिजवून, जेवून, हात धुऊन मोकळा झाला होता. संध्याकाळी तो टेबलावर पाहुण्यांसाठी ग्लास मांडायचा. टपालवाल्याला बंगल्याचा पहारेकरी समजून त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायचा. टपालवाला बिचारा उत्तरं द्यायचा. आणि मी? मी दुःखात बुडाले, असं सांगितलं तर शोभून दिसेल. बुडाले होतेच. रात्र रात्र उशी भिजली. पण दिवसा, जिना उतरून खाली येताना, खाली ऑरिन टाय बांधून उभा असायचा आणि म्हणायचा, "यावं मॅडम," तेव्हा मला बरं वाटायचं. सिनेट देत नव्हती ती खुर्ची त्याच्या भ्रमात मला आयती मिळाली होती. कधी कधी मीही खिडकीशी जायचे आणि म्हणायचे, "हो, आज स्वच्छ आहे डोंगर."

खात्याच्या डॉक्टरांनी त्याला तिकडे न्यायला साफ नकार दिला. तुम्ही जा, ते नाही. आमची लेक फीबी पार पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगनला असते. तिनं वरची खोली रंगवून ठेवली. फोनवर म्हणाली, "आई, तू जा. जन्मभर तू याच्यासाठी राबलीस. बाबांचं काय, ते तिकडे पोचलेलेच आहेत. माझ्याच घराला तिकडे समजतील. त्यांना फरक कळायचा नाही." त्यांना फरक कळायचा नाही, हे वाक्य मी औषधासारखं रोज घेत गेले, आणि खरं सांगते, गुण येत होता. आज संध्याकाळी नाव वाचलं जाईल, फीबी येईल, ऑरिनला घेऊन जाईल, मी एकटी विमानात बसेन. माझं ठरलेलं होतं. सगळं ठरलेलं होतं.

घरी आलो. मी टोमॅटोचं सूप गरम केलं, पावात चीज घालून तव्यावर परतलं. ऑरिननं टेबल मांडलं होतं, हातरुमालांच्या त्रिकोणी घड्या घालून. मी फ्रिज लाथेनं बंद केला आणि बसले. हिवाळ्याचं ऊन टेबलावर आडवं पडलं होतं, आणि त्या उन्हात सूपची वाफ सावकाश वर जात होती. मला पेंग आल्यासारखं झालं. सुख म्हणतात ते असंच काहीतरी असावं, मला वाटलं. आज संध्याकाळी, आज संध्याकाळी, असं माझ्या कानात कुणीतरी गुणगुणत होतं. पाटातलं पाणी वाहत होतं. ऑरिननं चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि घसा साफ केला.

"बाई, एक विनंती होती."

"करा," मी त्याच्या नाटकात शिरत म्हटलं.

"रागावणार नाही ना?"

"राजदूतांना रागवायची परवानगी नसते. बोला."

"मला घरी जायचंय," ऑरिन म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो फार संकोचला होता. पाहुणा म्हणून जास्त दिवस राहिलेल्या माणसासारखा बोलत होता, कुणाचं मन दुखवू नये अशा बेतानं.

"तसं इथं मला काही कमी नाही. तुम्ही फार करता माझं. सूपसुद्धा स्वतः वाढता, कुठली राजदूत वाढते? माणसं चांगली आहेत, डोंगर दिसतो. पण आता पुष्कळ दिवस झाले हो."

"घर म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"वॉशिंग्टनला. कनेटिकट अॅव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत. विटांचं, लहानसंच आहे. पुढची तिसरी पायरी हलते, तिथं जपून पाय टाकावा लागतो. फ्रिजचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. हिवाळ्यात दुपारी स्वयंपाकघरात ऊन येतं, पार टेबलापर्यंत." हे सांगताना तो त्याच उन्हात बोटं शेकत होता.

माझ्या ओठांवर आलं होतं, अरे हेच ते. पण पूर्वी एकदा मी ते करून पाहिलं होतं. त्याला हाताला धरून भिंती दाखवल्या, फीबीची बाळपणची उंची मोजलेल्या रेघा दाखवल्या. तो त्या रेघांवर हात ठेवून रडला. "मला का फसवता?" म्हणाला. पुन्हा ते नको. म्हणून मी नुसतं विचारलं, "असं काय आहे एवढं त्या घरात?"

त्यानं माझ्याकडे जरा नवलानं बघितलं.

"माझी बायको आहे ना तिथं," तो म्हणाला. "लेनोर."

ऊन तसंच होतं. सूपवर साय धरू लागली होती. त्याला वाटलं मला आणखी ऐकायचंय.

"तीही तुमच्याच खात्यात आहे. फार हुशार. तिलाही राजदूत व्हायचंय, तुमच्यासारखं. मी तिला म्हणतो, होशील गं, होशील. पण बाई, आपल्या दोघांत ठेवा हं हे. नाही झाली तरी माझं काही बिघडत नाही. ती सकाळी रेडिओवरच्या बातम्यांशी भांडते ना, मोठ्यानं, तेवढं मला ऐकू आलं की माझा दिवस बरा जातो. इथं फार शांत असतं. आणि मी नसलो की ती धड जेवत नाही. ओट्याशी उभ्याउभ्या खाते, सरळ भांड्यातून. कुणीतरी तिला बस म्हणायला हवं."

म्हणजे ती नक्कल नव्हतीच. टोपी काढणं, वाकणं, खुर्ची ओढणं, काहीच नक्कल नव्हती. इतके महिने हा माणूस एका परक्या, भल्या बाईच्या घरी अदबीनं राहत होता, आणि मनातल्या मनात माझी वाट बघत होता. आणि मी, त्याची बायको, त्या बाईच्या खुर्चीत बसून मान हलवत होते. मला रडू फुटलं. राग आला, स्वतःचा, त्या भिंतीचा, सिनेटचा, कुणाकुणाचा. त्यानं घाईनं आपला हातरुमाल पुढं केला. "चुकलं का माझं काही, मॅडम?"

"नाही हो," मी म्हटलं. "तुम्ही जरा पडा. मी बघते काय करता येतं ते."

मी काही लगेच फोनकडे धावले नाही. एवढी थोर मी नाही. मी भांडी घासली, पुसली, आणि पुन्हा घासली. बाहेर उजेड पिवळा होत चालला. हा उद्या सगळं विसरेल, मी स्वतःला म्हटलं. महिन्याभरानं कदाचित लेनोर हे नावही उरायचं नाही, मग मी कुणासाठी बसू इथं? तेव्हा ना भिंत, ना नवरा. लोक म्हणतील, बाईचं तेलही गेलं, तूपही गेलं. डोळे मिटले की ती फांदी दिसत होती, आणि मी खाली उभी, वर बघत, विशीतली. खरंच, किती जवळ आलं होतं. हातातोंडाशी. मग मी फीबीची वरची खोली डोळ्यांपुढं आणली, नवा रंग दिलेली, आणि तिथं ऑरिन पलंगाच्या कडेवर टोपी मांडीवर घेऊन बसलेला. रोज तिला तेच विचारणार, अदबीनं, घरी कधी जायचं. त्याला फरक कळत होता. सगळं विसरला होता, पण तेवढा एक फरक त्यानं घट्ट धरून ठेवला होता. पुढं तो विसरेलही. पण जोवर त्याला लेनोर आठवतेय तोवर लेनोरनं घरी असायला हवं, एवढं साधं होतं ते, आणि ते मला आवडलं अजिबात नाही. मी हात पुसले.

"डेस्मंड, माझं नाव काढ."

"कुठून?"

"आजच्या गठ्ठ्यातून."

"डोकं फिरलंय का तुझं? अगं घटकाभरात तू..."

"काढ म्हणते ना."

"असं एकदम नसतं करता येत. राष्ट्राध्यक्षांनी नाव मागं घ्यावं लागतं, कागद..."

"कागद होतील सावकाश. आज कुणा एकानं नको म्हटलं की पुरतं ना? इतके दिवस तो म्हणत होता. आज मी म्हणते."

 डेस्मंड हलक्या आवाजात म्हणाला, "कारण काय सांगू?"

"घरगुती. सगळे तेच सांगतात आणि कुणाचा विश्वास बसत नाही. बरंच आहे."

"तू फार चांगली राजदूत झाली असतीस, लेनोर."

"झाले होते रे, थोडे दिवस," मी म्हटलं आणि फोन ठेवला. 

मी काळा कोट घातला, मोत्यांच्या कुड्या घातल्या, आणि ऑरिनला उठवून सांगितलं की तुमची परवानगी आली, आज निघायचं. त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. बॅगेत त्यानं दाढीचं सामान, सपाता आणि आपला गाण्याच्या वर्गातला सूर लावायचा चिमटा टाकला, आणि पांघरुणाची घडी घालून ठेवली, यजमानांना त्रास नको म्हणून. टॅक्सी आली. ऑरिननं मागचं उजवीकडचं दार माझ्यासाठी उघडून धरलं. ती राजदूतांची जागा असते. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिथं मी कधी बसले नव्हते. बसले.

टॅक्सीवाला योनास नावाचा होता. त्याला मी हळूच सांगितलं, नदीपर्यंत जायचं, पूल ओलांडायचा, आणि पुन्हा इथंच यायचं. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. "पैसे तुमचे, मॅडम," म्हणाला. अंधार पडत होता. पाणी काळं झालं होतं आणि त्यात पुलाचे दिवे हलत होते. ऑरिन मांडीवर बॅग घेऊन ताठ बसला होता, मुलं सहलीला निघाल्यावर बसतात तसा. लांब संसदेच्या घुमटावरचा दिवा लागलेला दिसला, म्हणजे बैठक चालू होती. आत नावं वाचत असतील. एकेक नाव, कुणाची हरकत नाही, पुढचं नाव. मी त्या दिव्याकडे बघत राहिले तो इमारतींमागं जाईपर्यंत.

"तुमचा खोळंबा केला मी," ऑरिन म्हणाला. "कामं असतील तुम्हाला."

"आज सुटी घेतलीये."

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मी गाडी थांबवायला सांगितली. ऑरिननं दोन्ही हातांत माझा हात घेतला. "तुमचे उपकार विसरणार नाही," तो म्हणाला. "तुमचं सगळं चांगलं होईल." मी म्हटलं, "तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा." राजदूत म्हणून मी दिलेला हा पहिला आणि शेवटचा निरोप.

"मॅडम, लवकर करा, इथं थांबलं की पावती फाडतात," योनास ओरडला.

"एक वळसा घाल आणि विटांच्या घरासमोर सोड त्यांना. आणि पायरीवर हात दे."

मी उतरले आणि मागच्या बोळातून पळत सुटले, कचऱ्याच्या डब्यांना धडकत, या वयात. मागच्या दारानं आत शिरले. कोट खुर्चीवर फेकला, कुड्या काढून साखरेच्या भांड्यात टाकल्या, कोपरावर विरलेला हिरवा स्वेटर चढवला, रेडिओ लावला. केस विस्कटलेलेच होते. श्वास पुरत नव्हता. पुढच्या दाराची घंटी वाजली.

दार उघडलं. तो पायरीवर उभा होता, बॅग छातीशी धरून. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी जागची हलले नाही. आता ओळख पटली नाही तर काय, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता, दुसरा नव्हता.

"आलास?" मी म्हटलं. "किती रे उशीर!"

"लेनोर," तो म्हणाला. मग बॅग खाली टाकून त्यानं मला मिठी मारली. त्याचं नाक बर्फासारखं गार होतं. "अगं काय सांगू तुला, ती राजदूतबाई सोडतच नव्हती मला."

"हो का? कशी होती?"

"चांगली होती गं. फारच चांगली. स्वतः गाडीतून पोचवायला आली." त्यानं टोपी काढली आणि न बघता, बरोबर खुंटीला अडकवली. "पण एकटी होती बिचारी. जेवताना मधेच रडायची. आपण बोलवू या का तिला, एकदा जेवायला?"

"बोलवू," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.